कंचा अंकल?

पाचवीला आम्हाला इंग्रजी लागलं त्याच साली आमच्या ताईचं लग्न झालं. ताई म्हणजे चुलत्याची मुलगी. पण घरात सख्खं-चुलत असं कुणी म्हणत नसे. आजीच्या कानावर गेलं तर पाठीत धपाटा बसायचा. आम्ही शहापूर तालुक्यातले, किन्हवलीच्या बाजूचे, आणि ताईला दिली मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. दोन तालुके शेजारी, पण तेव्हा एसटी चुकली तर दिवस मोडायचा. ताई गेल्यावर घर सुनं झालं होतं. त्यामुळे गुरुजींनी वर्गात उभं करून 'तुझ्या घरातल्या एका माणसाबद्दल इंग्रजीत दोन वाक्यं बोल' म्हटल्यावर माझ्या तोंडी तीच आली. मी छाती काढून बोललो, "शी इज माय सिस्टर. हिज हजबंड इज अ फार्मर."

गुरुजींनी छडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "काय रे, तुझी ताई बाप्या कधी झाली?"

वर्ग खो खो हसला. मी तास संपेपर्यंत उभा. पुढे वर्षभर पोरं मला 'ताई बाप्या' म्हणून हाक मारत होती. हसण्याचं दुःख फार टिकलं नाही, पोरं कुणालाही कशावरूनही हसतात. दुःख हे की माझं काय चुकलं ते मला गुरुजींनीही सांगितलं नाही, पुस्तकानेही नाही. 'हिज नाही, हर' एवढंच. का हर? तर इंग्रजीत तसंच असतं.

ते का, हे मला मास्तर होऊन सहा-सात वर्षं झाल्यावर कळलं, तेही वह्या तपासताना. अर्ध्या वर्गाची चूक एकच होती आणि ती ठरलेल्या जागीच होत होती. 'त्याचा भाऊ' कुणाचा चुकत नव्हता. 'तिची बहीण' कुणाची चुकत नव्हती. चुकत होतं ते 'तिचा भाऊ' आणि 'त्याची बहीण'. पहिल्याचं पोरं 'हिज ब्रदर' करत आणि दुसऱ्याचं 'हर सिस्टर'. आता बघा, 'तिचा' या एवढ्याशा शब्दात दोन माणसं बसलेली आहेत. 'ति' ही ताई आणि 'चा' हा तिचा भाऊ. मराठी दोघांचीही दखल घेते. इंग्रजी फक्त मालकाकडे बघतं. भाऊ असो, गाय असो, घर असो, ताईचं असलं की 'हर'. पोराच्या कानाला शेवटचा 'चा' ऐकू येतो, 'चा' म्हणजे बाप्या, म्हणून तो 'हिज' म्हणतो. पोरगं आपल्या भाषेचं व्याकरण चोख पाळत असतं. आणि आपण त्याला त्याच क्षणी ढ ठरवून मोकळे होतो.

फळ्यावर 'तिचा' लिहून 'ति'खाली एक रेघ आणि 'चा'खाली दुसरी रेघ मारायला दोन मिनिटं लागतात. "मराठी दोघांना विचारते, इंग्रजी एकालाच," एवढं सांगितलं की झालं. ही दोन मिनिटं माझ्या गुरुजींनी दिली नाहीत. पुढे प्रशिक्षणांत आम्हालाही शिकवलं गेलं की इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढायचा नाही, पोरांना इंग्रजीच्या पाण्यात टाका, आपोआप पोहतील. ज्यांनी हे सांगितलं त्यांना विहिरीत पोहायला कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. आमच्याकडे कमरेला भोपळा किंवा डालडाचा रिकामा डबा बांधून मग ढकलतात. मराठी हा तो डबा आहे. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांच्या घरच्या भाषा ही वर्गाची संपत्ती आहे असं लिहून ठेवलं, पण आमच्या वर्गांच्या दारात त्या संपत्तीला आजही चपला काढायला लावतात.

गैरसमज नको, मी इंग्रजीच्या विरोधातला नाही. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा पुण्या-मुंबईच्या कितीतरी विद्वानांनी मराठी बुडणार म्हणून टाहो फोडला. मी तेव्हा त्या निर्णयाच्या बाजूने होतो आणि आजही आहे. विद्वानांची पोरं कुठल्या शाळेत होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. डोळखांबच्या आणि टोकावड्याच्या पोरांनी तेवढं पाचवीपर्यंत थांबायचं, हा न्याय मला पटला नव्हता. माझं भांडण इंग्रजीशी नाही. माणसाने बोलायला सुरुवात केल्यावर पहिल्यांदा काय सांगावं? माझं काय आणि माझं कोण. नेमका तोच धडा आपण इतका आंधळेपणाने शिकवतो, याच्याशी माझं भांडण आहे. मराठी माध्यमाच्या पोरांच्या पुस्तकाचं नावच 'माय इंग्लिश बुक' आहे. त्या 'माय'मध्ये पोराचं काय आहे, एवढंच मी विचारतोय.

माझाही गुन्हा सांगतो. चौथीतल्या एका पोरीने आजोबांवर चार ओळी लिहिल्या. 'धिस इज माय ग्रँडफादर. दे आर ओल्ड. देअर नेम इज' अमुक. मी तांबडी रेघ ओढली. वर शेरा मारला, 'आजोबा किती?' मला तो विनोद वाटला होता. पोरगी वही घेऊन टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "गुर्जी, आजोबा मोठं हायेत ना?"

मी गप्प झालो. कारण हीच पोरगी पहिलीला आली तेव्हा 'आजा आला' म्हणायची. आमच्या भागात बापूस, आयस, आजा यांना एकेरीच बोलतात, त्यात कुणाचा मान कमी होत नाही. मीच तिला दोन वर्षं घासून शिकवलं होतं की 'आजा आला' नाही म्हणायचं, 'आजोबा आले' म्हणायचं. 'त्याचं नाव' नाही, 'त्यांचं नाव'. तिने ते मनापासून शिकून घेतलं आणि इंग्रजीतही आजोबांचा मान राखला, तर मी तिलाच विचारतोय आजोबा किती! घरची बोली धरली असती तर तिचं इंग्रजी पहिल्या फटक्यात बरोबर आलं असतं. आजा, त्याचं नाव, हिज नेम. माझ्याच शुद्ध मराठीने तिला चुकवलं आणि मार्क मात्र तिचा गेला. त्या दिवशी घरी जाताना मला गुरुजींच्या छडीची आठवण आली. ती आता माझ्या हातात होती.

मग पुस्तकातल्या चित्राकडे वळू. आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी, कधी कोपऱ्यात आजी-आजोबा. आणि गाईडमधला निबंध: 'देअर आर फोर मेंबर्स इन माय फॅमिली.' दिवाळी झाली की आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या कातकरी-ठाकर पाड्यांमधली माणसं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. शेठकडून उचल घेतलेली असते, ती जोडीवर असते. जोडी म्हणजे नवरा-बायको. पोरं एक तर भट्टीवर जातात किंवा म्हातारीपाशी राहतात. भट्टीवरच्या पोरांसाठी विधायक संसदेने भोंगाशाळा चालवल्या, त्याचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण मागे राहिलेल्या पोराची फॅमिली किती माणसांची? माझ्या वर्गातल्या एकाने जानेवारीत बोटं मोजून लिहिलं होतं, म्हातारी, मी, चुलत्याची तीन पोरं आणि दोन बकऱ्या. बकऱ्या मी खोडल्या. मग त्याने मित्राच्या गाईडमधून उतरवून दिलं, 'माय फादर इज अ फार्मर.' मी म्हटलं, अरे, बापूस भट्टीवर आहे ना? तर म्हणाला, "गुर्जी, गाईडात डॉक्टर हाय, टीचर हाय नि फार्मर हाय. त्यातलं ह्येच जवळचं." यावर मी काय शिकवणार होतो?

'अवर' या शब्दाचंही असंच. मराठीत 'आमचं' वेगळं आणि 'आपलं' वेगळं. 'आमचं' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपलं' म्हटलं की तो आत येतो. पाहुण्याला पाट देताना "आपलंच घर आहे" म्हणतात आणि बांधावर भांडताना "आमची जमीन आहे" म्हणतात. इंग्रजीने दोन्हींची एकच मोळी बांधली. मी एकदा 'अवर व्हिलेज, अवर रिव्हर, अवर डॅम' असं घोकून घेत होतो. धरणाच्या बाजूच्या पाड्यावरचं एक पोरगं उठून म्हणालं, "अवर म्हंजे आमचं का आपलं?" मी सांगितलं, दोन्ही. तो बसला, पण त्याचं समाधान झालं नाही. त्याचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा मोठा होता. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. मागून मोडकसागर झालं, भातसा झालं. तिन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. दर जुलैला पेपरात ठळक मथळा असतो, मुंबईचे तलाव भरले. त्या 'चे'मध्ये शहापूर कुठेच नसतं. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका टँकरच्या वाटेवर हंडे मांडून बसलेल्या असतात. कुणाचं पाणी, हे विचारायला एक छोटा शब्द लागतो. तो पोरांच्या भाषेत होता. त्याच्यावर मी 'अवर'चं झाकण लावलं.

आता अंकलकडे येतो. सगळ्यात महागात पडलेला शब्द तो.

मराठीत बापाचा भाऊ तो चुलता किंवा काका, आईचा भाऊ तो मामा, आत्याचा नवरा वेगळा, मावशीचा नवरा वेगळा. इंग्रजीत चौघेही अंकल. काकू, मामी, आत्या, मावशी या चौघी आंट. आता तर आंटी. ही नुसती नावं नाहीत, कामं आहेत. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. लग्नात भटजी पुकारतात ते मुलीच्या मामालाच, मुलीला घेऊन या म्हणून. काका कितीही मोठा असला तरी त्या वेळी तो बाजूला उभा असतो. आमच्याकडे कित्येक जातींत मामाची मुलगी बायको म्हणून चालते, पण चुलत्याची मुलगी सख्खी बहीण असते. इंग्रजीत दोघीही कझिन! कुणा पोराने 'माय कझिन' म्हटलं तर राखी बांधून घ्यायची की मुंडावळ्या, हे कळायला मार्ग नाही. इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नात्यांवर इंग्रजीत जाडजूड पुस्तक लिहिलं, ते या फरकांना अर्थ आहे म्हणूनच. चांदोबा आपला मामा असतो आणि मांजर वाघाची मावशी असते. वाघाची आंटी म्हणून बघा, वाघसुद्धा लाजेल.

हसून सोडून देता आलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या हाताखालून गेलेली एक ठाकराची पोरगी. आईबाप भट्टीवर, म्हणून लहानपणापासून मामाकडे वाढली. हुशार, अक्षर मोत्यासारखं. दहावी झाली, तालुक्याच्या गावी कॉलेज आणि मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज. अर्ज इंग्रजीत. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून तिने तो स्वतः भरला, कुणाला भरू दिला नाही. पालकाच्या रकान्यात मामाचं नाव लिहिलं आणि पुढे नातं: अंकल. मीच शिकवलं होतं. मामा म्हणजे अंकल, दहा वेळा लिहा.

कार्यालयात कारकुनाने अर्ज बघितला. पोरीचं आडनाव एक आणि अंकलचं आडनाव दुसरं. तो म्हणाला, "अंकल आहे तर आडनाव वेगळं कसं? कंचा अंकल हा? दाखला आण." तो आमच्याच बाजूचा असावा. दुष्ट माणूस नव्हता, त्यालाही कुण्या मास्तरने अंकल म्हणजे काका असंच घोकवलं असणार. पोरगी बावचळली. मामा आहे, एवढं मराठीत म्हणायचं तिच्या तोंडातून आलं नाही. इंग्रजी अर्जावर इंग्रजीच बोलावं लागतं अशी तिची समजूत. ती समजूतही माझीच देणगी. परत आली. सरपंचाचा दाखला झाला, तो चालला नाही. मग मामाचं प्रतिज्ञापत्र. मामाचा मजुरीचा दिवस तीनदा मोडला. पहिली यादी लागून गेली. दुसऱ्या यादीत नाव आलं तेव्हा दिवाळी तोंडावर होती. तोवर ती पहाटेच्या एसटीने जाऊन रात्री परतायची, आणि पावसात ओढा भरला की तेही नाही. बारावीला तिचा सायन्सचा विचार होता. तो तिने त्या पहिल्याच सहामाहीत सोडून दिला.

नात्याच्या एका शब्दाने पोरीचं आयुष्य फिरलं असा कांगावा मी करणार नाही, इतरही कारणं होती. पण ज्यांना वाटतं की काका-मामाचा फरक म्हणजे जुन्या लोकांचं लाडकं लोणचं आहे, त्यांनी एकदा जातपडताळणीची कागदपत्रं घेऊन रांगेत उभं राहावं. तिथे वंशावळ लागते ती बापाकडची. चुलत्याचा दाखला चालतो, मामाचा चालत नाही. सरकार स्वतः काका आणि मामा यांत जमीन-अस्मानाचा फरक करतं, आणि त्याच सरकारच्या शाळेत आम्ही दोघांना एका अंकलमध्ये कोंबतो.

बरं, इंग्रजी यात खरंच इतकं दरिद्री आहे का? नाही. इंग्रजांनाही मामा असतात. त्यांना गरज पडली की ते 'मदर्स ब्रदर' म्हणतात. अर्जात हे दोन शब्द असते तर कारकुनाला विचारायला जागाच नव्हती. आणि इथे मला आमची आजी आठवते. पाचवीत मी ओट्यावर बसून घोकायचो, 'माय मदर, माय फादर, माय ब्रदर.' आजी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "माय ब्रदर म्हंजे?" मी सांगितलं, ब्रदर म्हणजे भाऊ. तर ती म्हणाली, "मंग मायचा भाव म्हंजे तुझा मामा. असं सरळ सांग ना!" आम्ही भावंडं पोट धरून हसलो. अडाणी म्हातारीला 'माय' कळलं नाही म्हणून. आज वाटतं, आख्ख्या घरात इंग्रजीचं एकच बरोबर भाषांतर झालं होतं आणि ते तिने केलं होतं. मायचा भाऊ, मदर्स ब्रदर.

म्हणून आता मी असं करतो. नात्यांच्या शब्दांची यादी फळ्यावर लिहीतच नाही. आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगा, मुलगी एवढे आठ शब्द द्यायचे आणि एक 'चा-ची-चं'चा इंग्रजी 'स'. बाकीचं पोरं बांधतात. आत्या म्हणजे फादर्स सिस्टर. मामी म्हणजे मदर्स ब्रदर्स वाइफ. एक जण उठतो आणि साखळी म्हणतो, दुसऱ्याने मराठीत एका शब्दात नातं सांगायचं. 'मदर्स सिस्टर्स डॉटर' म्हटलं की मागून आवाज येतो, "मावसबहीण!" पोरांना पहिल्यांदा कळतं की जे सांगायला इंग्रजीला तीन-तीन शब्दांची मालगाडी जोडावी लागते ते आपली भाषा एका डब्यात नेते. आणि तीन शब्दांची मालगाडी आपल्याला हाकता येते हेही कळतं. अंकल आणि कझिन मी सगळ्यात शेवटी सांगतो, गोऱ्या साहेबाला घाई असली की तो असं म्हणतो म्हणून.

आमच्यातले मराठीचे अभिमानी हे ऐकून खूश होतात, म्हणून त्यांनाही दोन शब्द सुनावतो. आपली नात्यांची भाषा सोन्याची आहे, पण त्या सोन्याचे काटे बायकांना टोचतात. बाईला सासरी नणंद, जाऊ, दीर, भावे-सासरे असे दहा शब्द, आणि प्रत्येकापुढे किती वाकायचं ते शब्दातच ठरलेलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, 'आमचे हे' म्हणायचं. बाईचं घर म्हणजे आधी माहेर, मग सासर, शेवटी मुलाचं घर. पोरींच्या वर्गात 'माय हाउस' घोकून घेताना माझी जीभ कित्येकदा अडखळली आहे. मुरबाडमधल्या फांगण्याला २०१६च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली, जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी पुढाकार घेतला. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो जगभर गेले. त्यांना स्वतःचं नाव लिहिता आलं याचा आनंद मोठाच. पण त्या पूर्ण नावात मधला शब्द नवऱ्याचा. आईचं नाव मध्ये लिहायचा नियम सरकारने केला तो १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी. तेव्हा मराठीतलं 'माझं' सगळ्यांचं सारखं 'माझं' आहे असं कुणी मला सांगू नये. इंग्रजीच्या त्या कोरड्या 'माय'ला लिंग नाही, वचन नाही. माझा, माझी, माझं, माझे, माझ्या, या सगळ्यांच्या बदल्यात एकच शब्द, आणि तो बाईने उच्चारला काय आणि बाप्याने उच्चारला काय, तसूभर बदलत नाही. आमच्या पोरी तो घेतील आणि घ्यावाच. फक्त तो घोकंपट्टीत वाया जाऊ नये.

गेल्या उन्हाळ्यात ताईकडे गेलो होतो. दाजी जाऊन चार वर्षं झाली. ओटीवर ताईची नात, तिसरीतली, मला इंग्रजी म्हणून दाखवत होती. "शी इज माय ग्रँडमदर. हर हेअर इज व्हाइट. हर हजबंड वॉज अ फार्मर. हर हाउस इज बिग." एकही चूक नाही. हर हजबंड ऐकून मी ताईकडे बघितलं. तिला माझी पाचवीतली फजिती माहीत होती, ती हसली. मग तिने नातीला विचारलं, "हर म्हंजे काय ग?"

"हर म्हंजे तिचा, तिची, तिचं. आजी, तुझं."

"घर बी?"

"हां. हर हाउस. तुझं घर."

ताईने हातातलं सूप खाली ठेवलं. मला म्हणाली, "तलाठ्याकडं कधी जातंस? दाजींचं नाव कमी झालं का, माझं लागलं का पोरांचंच लागलं, बघून तर ये."